जागा सपाट, पाव ताजा

निनोंचा हिरवा खडू टेबलावरून घरंगळत गेला, कडेशी क्षणभर अडला आणि टक् करून खाली पडला. आवाज तो केवढासा. पण दुपारच्या त्या शांततेत मला वाटलं, झालं, आता बास्तियां उठणार. मी श्वास धरून बसले. तो उठला नाही. आठ महिन्यांचं ते ऊन-ऊन गाठोडं माझ्या मांडीवर तसंच पडून राहिलं, ओठ स्वप्नातलं दूध ओढत होते. कॅम्परगाडीच्या मागच्या पलंगावर माझी थोरली, निनों, पालथी झोपली होती, एक पाय खाली लोंबत, तळव्याला नदीतली वाळू. बाहेर बाबाच्या घडीच्या खुर्चीचा आवाज नव्हता, म्हणजे तोही वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपला असणार. जेवणानंतर सगळा कॅम्प असा झाकण ठेवल्यासारखा होतो, तंबूंच्या चेनसुद्धा वाजत नाहीत. मी पायाशी पडलेल्या खडूकडे बघत राहिले. खडू पडला याचं काही नाही, आमच्या घरात दिवसाला वीस वस्तू पडतात. पण याला कोणी हात लावला नव्हता. हा आपोआप घरंगळला होता. आणि बाबाच्या गाडीत आपोआप काही घरंगळत नाही.

बाबा अडतीस वर्षं लोकांच्या घरांत फरश्या बसवत होता. त्यात गुडघे गेले, डोळा राहिला. कोणाकडे जेवायला गेलं की तो आधी ताटलीतल्या सुपाची कड बघायचा आणि आईला हळूच सांगायचा, ‘मिरेय, यांची जमीन खिडकीकडे उतरते.’ आई टेबलाखालून त्याचा पाय दाबायची. सुट्टीत ही गाडी काढली की कुठल्याही कॅम्पवर पोचल्यावर आधी पाणसळ निघायची, बोटभर लांबीची, पितळी. ती टेबलावर ठेवायची, बुडबुडा कुठे पळतो ते बघायचं, मग गाडीच्या पोटातल्या कप्प्यातून त्यानं स्वतः ओकच्या लाकडाच्या बनवलेल्या दोन पाचरी काढायच्या, खालच्या अंगाच्या चाकांमागे लावायच्या, आणि गाडी इंचाइंचानं त्यांच्यावर चढवायची. आई मागे उभी राहून दोन्ही हातांनी त्याला ये-ये करायची. सेद्रिक आणि मी आत पाय आवळून बसलेलो, शू लागलेली. पण बुडबुडा मधोमध आल्याशिवाय दार उघडायचं नाही असा नियम होता. बुडबुडा आला की बाबा इंजिन बंद करायचा आणि म्हणायचा, ‘आलो.’ त्याच्या आधी आम्ही कुठेच आलेलो नसायचो. आई गेल्यावर तो एकटाच फिरायला लागला, तीन उन्हाळे. लियाँला आमच्या चौथ्या मजल्यावर त्याची पोस्टकार्डं यायची. पुढे कुठलं तरी चर्च, कुठला तरी पूल. मागे नेहमी तेवढंच: जागा सपाट. पाव ताजा. बाबा. मी ती फ्रिजवर लावायची. तिबो, माझा नवरा, फ्रिज उघडताना एकदा म्हणाला होता, ‘तुझ्या बापाला याहून जास्त सुख माहीतच नाहीये की काय?’ मी म्हटलं, याहून जास्त असतं का? तेव्हा थट्टेत म्हटलं होतं.

मी बास्तियांला खांद्यावर घेतलं आणि अनवाणीच बाहेर आले. बाबा खरंच झोपला होता. गवत गरम होतं. मी गाडीच्या पोटातला कप्पा उघडला. पाण्याची नळी होती, तारांचं वेटोळं होतं, चारकोलची पिशवी होती. पाचरी नव्हत्या. त्या जिथे असायच्या तिथे धुळीत दोन लांबट स्वच्छ चौकोन होते. म्हणजे काल सकाळी त्या अक्रोडाच्या झाडाखालच्या जागेवरून निघताना बाबा पाचरींवरून खाली उतरला आणि त्या तशाच गवतात सोडून आला. हे कॅम्पवर रोज कोणाचं तरी होतंच. प्रत्येक कॅम्पच्या ऑफिसमागे अशा मागे राहिलेल्या, अनाथ पाचरींचा ढीग असतो, बहुतेक पिवळ्या प्लास्टिकच्या. ‘हा बघ मूर्खांचा डोंगर,’ बाबा आम्हांला लहानपणी दाखवायचा. आता त्या डोंगरावर ओकच्या लाकडाच्या दोन असतील. पण मी तो कप्पा उघडा धरून तशीच उभी राहिले ती पाचरींसाठी नव्हे. पाचरी कोणीही विसरेल. इथे आल्यावर त्यानं पाणसळच काढली नव्हती. त्यानं इंजिन बंद केलं होतं आणि नुसताच बसून राहिला होता, आणि मी मागून मुलांचे पट्टे सोडवता सोडवता विचारलं होतं, ‘आलो?’ तर तो म्हणाला होता, ‘कुठे?’ मी हसले होते. मला वाटलं होतं, विनोद आहे.

मे महिन्यात बाबा तुलूझला सेद्रिककडे गेला तेव्हा चार तास उशिरा पोचला. कुठे होतास, तर म्हणाला, इकडे-तिकडे. पुढचा बंपर चेपलेला. सेद्रिक माझा थोरला भाऊ, तो विमा कंपनीत आहे, त्याला चेपलेले बंपर वाचता येतात. त्यानं मला फोन केला. ‘तू रजेवर आहेस,’ तो म्हणाला, ‘तू जा त्याच्याबरोबर. दहा दिवस बघ. तू म्हणशील ते मला मान्य. चालवू दे म्हणालीस तर चालवू दे. नाही म्हणालीस तर किल्ली घेऊन ये.’ घेऊन ये, जसं काही येताना कोपऱ्यावरून लोणी घेऊन ये. मी हो म्हटलं कारण मला त्या गाडीत जायचंच होतं. बाळंतपणानंतरचा तो हिवाळा चौथ्या मजल्यावर इतका लांबला होता की मला कुठल्याही गवतावर पाय टेकायला चाललं असतं. तिबोनं फक्त निघायच्या दिवशी मुलांच्या सीटचे पट्टे तीनदा ओढून पाहिले, आणि तिसऱ्यांदा ओढताना माझ्याकडे बघितलं नाही.

आणि खरं सांगायचं तर हे सहा दिवस मी फार सुखात होते. लाज वाटावी इतकी. मी तपासायला आले होते आणि तपासायचंच विसरत होते. सकाळी पाववाल्याच्या गाडीचा हॉर्न, मग बाबाच्या चपला गवतात फटफट जायच्या, मग काखेत पाव घेऊन यायच्या. लोक हातात टॉयलेट पेपरची गुंडाळी घेऊन एकमेकांना अगदी अदबीनं नमस्कार करत संडासाकडे जायचे, जणू दरबारात चाललेत. बास्तियांला मी झाडाच्या सावलीत चादरीवर उघडाच सोडायची. तो गवताची पाती मुठीत धरायचा आणि सोडायची कशी हे न कळून रडायचा. इथलं चर्च प्रत्येक तास दोनदा वाजवतं, दोन मिनिटांच्या अंतरानं. शेतातल्या माणसानं पहिल्या वेळी मोजलं नसेल तर दुसऱ्यांदा मोजावं म्हणून. लियाँत कोणी कोणासाठी काही दोनदा वाजवत नाही. गाडीतल्या त्या दोन पावलांच्या स्वयंपाकघरात मला हात लांब केला की सगळं मिळायचं: मीठ, बाळ, बाप. एकदाच, दुसऱ्या दिवशी, एका चौकातल्या गोलाला बाबानं चार फेऱ्या मारल्या. निनों टाळ्या पिटत होती, ‘अजून, आजोबा, अजून!’ आणि मी मागच्या सीटवरून त्याचा कान बघत होते. त्याचा कान लाल झाला होता. पाचव्यांदा वळायच्या आधी मी म्हटलं, ‘बाबा, ती बघ आपली पाटी,’ आणि तो म्हणाला, ‘दिसतेय मला, मी काय आंधळा आहे?’ त्यानंतर रस्ताभर मी निवडुंगावर बसल्यासारखी बसले होते. पण संध्याकाळी त्यानं चेरी घालून अंड्या-दुधाचा क्लाफुती भाजला, बियांसकट, आईसारखा, आणि निनोंला बी लांब थुंकायला शिकवलं, आणि मी तो लाल कान कुठे तरी ठेवून दिला.

त्या खडूच्या दिवशी संध्याकाळी समोरच्या कॅरॅव्हॅनमधल्या जोझियान आणि मार्सो यांनी आम्हांला प्यायला बोलावलं. ती दोघं बावीस वर्षं त्याच जागेवर येतात. त्यांच्या दाराशी कुंड्या आहेत, पायपुसणं आहे, नावाची पाटी आहे. इथल्या रिवाजाप्रमाणे आम्ही आपापल्या खुर्च्या आणि आपापले ग्लास घेऊन गेलो. मार्सोनं पास्तिस ओतली, पाणी घालताच ती दुधाळ झाली आणि बडीशेपेचा वास सुटला. मग मार्सोनं मान तिरकी केली. कॅम्पवरच्या पुरुषांची ही एक वेळ असते, पहिला घोट झाला की दुसऱ्याच्या गाडीकडे बघायची.

‘काय हो रेजिस, गाडी तुमची डाव्या कुशीवर झोपलीय की!’

‘असू दे. म्हातारी आहे. तिला ज्या कुशीवर झोप येईल त्या कुशीवर झोपू दे,’ बाबा म्हणाला.

‘पण तुम्ही तर म्हणे फरश्या बसवायचात?’

‘म्हणून तर. आयुष्यभर सगळं सरळ केलं. सुट्टीत तरी वाकडं राहू द्या.’

सगळे हसले. मीही हसले. निनों म्हणाली, ‘आमचा खडू पळतो टेबलावरून! मी सोडते आणि तो पळतो!’ बाबा तिच्याकडे वळला. ‘पळतो?’ ‘हो. रोज नाही पळत. इथेच पळतो.’ बाबानं ग्लास गवतात ठेवला, ठेवताना हातानं जमीन चाचपून पाहिली, आणि गाडीकडे बघत राहिला, फार वेळ. मला त्याचा चेहरा बाजूनं दिसत होता. त्याला आत्ता कळलं होतं. काल नाही, दुपारी नाही. आत्ता, चार माणसांत, नातीच्या तोंडून. मला त्या क्षणी उठून त्याच्यापुढे उभं राहावंसं वाटलं, पडद्यासारखं, म्हणजे तो कोणाला दिसणार नाही. मी उठले नाही. बास्तियां माझ्या अंगावर पीत होता आणि मी पिणाऱ्या मुलाच्या आईसारखी बसून राहिले, दुसरं काही करता न येणारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दोनदा पाव घेऊन आला. पहिल्यांदा पाववाल्याच्या गाडीवरून, आणि आमची कॉफी अर्धी झाल्यावर गावातून, चढ चढून, घामाघूम. टेबलावरचे दोन पाव पाहिले आणि हातातल्या दोन्हींसकट उभा राहिला. ‘ताजा पाव कधी जास्त होत नाही,’ मी म्हटलं. ते मी इतक्या चटकन म्हटलं की मला माझाच संशय आला. मी किती दिवसांपासून त्याची वाक्यं त्याच्या आधी तयार ठेवते आहे? लहान मुलाच्या हातून ग्लास सुटायच्या आधी आपला हात तिथे जातो, तसं. दोन मुलांनी मला एवढं शिकवलं आहे, आणि तो हात आता थांबत नाही, कोणाच्याही खाली जातो. बाबानं पाव ठेवले आणि म्हणाला, ‘मार्सोकडे ओकची एक फळी आहे. मी बघितलीय.’

मग दुपारपर्यंत त्यानं पाचरी केल्या. मार्सोची करवत घेतली, फळी दोन खुर्च्यांवर आडवी टाकली, आणि काही न मोजता अंगठ्याच्या नखानं लाकडावर रेघ ओढली. निनों भुसा गोळा करत होती आणि प्रश्न विचारत होती, आणि तो प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होता, न थांबता, न चुकता. लाकूड उभं का कापायचं नाही, गाठ आली तर काय करायचं, टोक बोथट का ठेवायचं. त्याचे हात बघताना मला माझ्या अंगात काही तरी सैल झाल्यासारखं वाटलं. लहानपणी शाळा सुटल्यावर आई मला कधी कधी तो जिथे काम करत असेल त्या घरी न्यायची, आणि रिकाम्या, ओल्या सिमेंटचा वास येणाऱ्या खोलीत तो गुडघ्यांवर बसलेला असायचा, पाठमोरा, आणि एकेक फरशी तळहातानं थोपटून बसवायचा, मुलाला थोपटावं तशी. आम्ही दारात उभ्या राहायचो. ओल्या फरशीवर पाय टाकायचा नसे. मला वाटतं तेव्हापासूनच मला असं दारातून बघणं आवडतं, ज्यात आपण कोणाच्या उपयोगी नसतो आणि कोणाला आपली अडचण नसते. मी ॲश वृक्षाखाली बसून तसंच बघत होते, ऊन पानांतून बास्तियांच्या पोटावर नाणी टाकत होतं, आणि मनात सेद्रिकला सांगत होते, बघ ना, बघ त्याचे हात, हा माणूस काही विसरलेला नाही.

पाचरी तयार झाल्या. जोझियाननं बास्तियांला कडेवर घेतलं. बाबा गाडीत बसला आणि मी मागे उभी राहिले, आईच्या जागी, दोन्ही हात वर करून. इकडे-तिकडे खुर्च्यांवरचे लोक लगेच सरसावून बसले. कोणी गाडी मागे घेत असलं की कॅम्पवर प्रत्येकाचं काही ना काही मत असतं. ‘डावीकडे, डावीकडे!’ ‘डावीकडे काय, फांदी बघा!’ बाबा मात्र फक्त आरशात बघत होता. मी हात हलवला, ये, ये, आणि गाडी मागे यायला लागली, आणि मी चाकाकडे बघत होते, चाक आणि पाचरीचं टोक, आता चढेल, आता चढेल, आणि एकदम गाडी जागच्या जागी थांबली. ब्रेकचा एक कोरडा हिसका. मी हात तसेच वर धरून वळले तर माझ्या पाठीमागून येऊन निनों वाकून गाडीच्या मागच्या बंपरखालचं बॅडमिंटनचं फूल उचलत होती. तिचे केस गाडीला टेकले होते.

जोझियानचा हात तोंडावर गेला होता. मी निनोंला ओढून घेतलं, ती ‘माझं फूल!’ म्हणून चिडली. तिच्या डोक्याला भुशाचा वास येत होता. बाबा उतरला, गाडीच्या पायरीवर बसला आणि आपले दोन्ही गुडघे धरून राहिला. मी त्याच्यापाशी गेले.

‘मी पाहिलं तिला,’ तो म्हणाला.

‘हो.’

‘तू नाही पाहिलंस.’

‘नाही, बाबा.’

त्यानं मान हलवली. मग माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाला, ‘सेद्रिकला हेही सांग.’

मला वाटलं होतं की त्याला माहीत नाही. सात दिवस मी मागच्या सीटवरून त्याचा कान वाचत होते आणि सात दिवस तो आरशातून मला वाचताना बघत होता. आणि तरी क्लाफुती केला, आणि तरी निनोंला थुंकायला शिकवलं. मी म्हटलं, ‘बाबा—’ पण तो उठला होता. ‘चल, चल, पाचर वाट बघतेय,’ असं म्हणत गाडीत जाऊन बसला, आणि या वेळी निनोंला कडेवर घेऊन मी मागे उभी राहिले, आणि तो एका दमात वर चढला. पाणसळ काढली. आतून मोठ्यानं ओरडला, ‘आलो!’ कॅम्पभर टाळ्या झाल्या. मार्सोनं तर शिट्टी मारली.

संध्याकाळी मी ताटल्यांचं टोपलं काखेत मारून सामाईक मोरीवर गेले. तिथे आठ सिंकांची रांग आहे आणि तिथेच फोनला रेंज येते, त्यामुळे गावचं सगळं तिथेच बोललं जातं. जोझियान माझ्या शेजारी येऊन कढई घासायला लागली. ती काही विचारेल याची मी वाट बघत होते. तिनं विचारलंच नाही, म्हणून मीच सांगितलं. खडू, पाचरी, दोनदा पाव, सेद्रिक, सगळं. सांगताना मी एकच ताटली घासत होते.

‘अगं, झिजली ती,’ जोझियान म्हणाली. मग म्हणाली, ‘आमची गाडी मी चालवते, बघितलंस ना? चार वर्षं झाली. त्याआधी हा चालवायचा, मार्सो. डोळ्यांचं झालं त्याच्या. पण तो काय मानतोय? राजा तो!’

‘मग तू सांगितलंस कसं?’

‘सांगतेय कशाला? सांगितलं की भांडण. निघायच्या दिवशी मी आधी चपला घातल्या आणि जाऊन बसले स्टीअरिंगवर. हा आला, दार उघडलं, मला बघितलं. मी म्हटलं, आज मला हौस आलीय. दुसऱ्या दिवशी पुन्हा हौस. आठवडाभर हौस. मग तो पलीकडच्या दारानं चढायला लागला.’ ती हसली. ‘फक्त एक आहे हं, पोरी. तोंड बंद ठेवत नाही तो. आता प्रत्येक वळणावर मला गाडी शिकवतो. चाळीस वर्षांत माझ्याशी इतकं बोलला नव्हता.’

ती गेल्यावर मी सेद्रिकला फोन लावला. पाणी ठिबकत होतं. त्यानं विचारलं, ‘काय?’ त्याला कसं आहे, बरं आहे, असलं काही लागत नाही. मी त्याला आधी निनोंचं सांगितलं, जसंच्या तसं, मी नाही पाहिलं, त्यानं पाहिलं. सेद्रिक म्हणाला, ‘म्हणजे चालवू द्यायचं म्हणतेस?’ आणि मला तेव्हाच कळलं की मी काय म्हणणार आहे. त्यानं तिला पाहिलं होतं. बाबा नसता, मी स्टीअरिंगवर असते, तर कदाचित आज आम्ही इथे नसतो. आणि तरी. रस्ता लांब असतो, गोल चौक पुष्कळ असतात, आणि जो बाप एका इंचावर थांबतो तोच कुठे जायचं ते विसरतो. आणि मागच्या सीटवर मला आता त्याच्या कानाकडे न बघता बसता येणार नाही. ते बघणं त्याला दिसतं. निदान ते बघणं तरी थांबवता येईल. ‘उद्यापासून मी चालवते,’ मी म्हटलं. ‘त्याला सांगितलंस?’ ‘नाही.’ ‘किल्ली?’ ‘किल्ली गाडीतच राहू दे, सेद्रिक. घेऊन वगैरे कोणी येत नाहीये.’ मी फोन ठेवला आणि ताटल्या पुन्हा एकदा विसळल्या, गरज नसताना. हात थंड पाण्यात बरे वाटत होते. वर गावात साताचे ठोके पडले. मी मोजले. दोन मिनिटांनी पुन्हा पडले, आणि मी पुन्हा मोजले.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठायचं ठरवलं होतं आणि उठलेही. बाहेर दव होतं, नदीवर पांढरी वाफ, मार्सोच्या कुंड्यांवर एक कोळी आपलं काम संपवत होता. बाबा अजून पांघरुणात होता. मी गुपचूप खुर्च्या घडी केल्या, दोरीवरचे बास्तियांचे कपडे काढले, पाचरींची आठवण राहावी म्हणून स्वतःच्या मनगटाला दोरीचा तुकडा बांधला आणि मग स्वतःलाच हसले. सगळं आवरलं की मी आधी जाऊन बसणार होते, हौस आलीय म्हणणार होते. चपला घालूनच ठेवल्या होत्या. पण मुलं कधी कोणाचा बेत पुरा होऊ देतात? बास्तियां उठला तो मानेपर्यंत भरलेला. त्याला धुवायला न्हाणीघरात न्यावं लागलं, तिथे निनों मागून आली, तिला दात घासायचे नव्हते, मग घासायचे होते. येताना जोझियाननं अडवलं, हातात जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी दिली, मग दोन्ही गालांवर मुके, मग पुन्हा दोन, त्यांच्याकडे चार घेतात. ‘चपला घातल्यास ना?’ ती माझ्या कानात म्हणाली. मी पाय दाखवले. पाववाल्याचा हॉर्न वाजला आणि गेला.

परत आले तेव्हा गाडी पाचरींवरून उतरवलेली होती. पाचरी पुसून कप्प्यात ठेवलेल्या होत्या. मी झाकण उचलून पाहिलं. आणि बाबा गाडीत बसला होता. उजवीकडे, स्टीअरिंगच्या शेजारी. आईच्या जागेवर. पट्टा लावलेला, मांडीवर नकाशा पसरलेला, मांडीशी पाव. एक. किल्ली स्टीअरिंगखाली लटकत होती, अजून हलत होती. डावीकडचं, स्टीअरिंगच्या बाजूचं दार माझ्यासाठी उघडं होतं, किंवा नुसतंच उघडं राहिलं होतं.

‘किती वेळ, ओरियान? ऊन चढेल,’ तो म्हणाला.

मी बास्तियांला मागे सीटमध्ये बसवलं, पट्टे ओढले, एकदा, दोनदा. मी पुढे जाऊन बसले. सीट मागे सरकवलेली होती, त्याच्या पायांएवढी की माझ्या, मला सांगता येईना. माझे पाय पोचत होते. बाबानं नकाशावर बोट ठेवलं. ‘या पुलावरून जाऊ या. लांब पडेल, पण वाट सुंदर आहे. आणि दुसऱ्या गिअरला घाई करू नकोस, त्याला राग येतो.’ मग खिडकीतून बाहेर बघायला लागला. समोर मार्सो हात हलवत होता आणि बाबानंही हात हलवला, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला शोधून सापडेना, काही जिंकल्याचं, काही हरल्याचं, काही निसटल्याचं. सकाळचं ऊन होतं, बस्स. तो सुखी दिसत होता.

मी किल्लीला हात लावला. मागून निनोंनं दोन्ही सीटच्या मधल्या फटीतून तोंड घातलं. तिच्या तोंडाला टूथपेस्टचा वास येत होता, आणि ती माझ्या कानात अगदी हळू बोलली, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून, इतकं तिला कळत होतं.

‘आई, आजोबा विसरून तिकडे बसलेत, की मुद्दाम?’